खालचा गिअर

गाडी माझी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या खोऱ्यात कुणालाही विचारलंत तर ती होसेयाची गाडी आहे. कागदावर नाव माझं, जिच्या बक्षिसातून ती घेतली ती शर्यत मी जिंकले, शेवटचे सात किलोमीटर अंगठ्याचं नख उखडलेल्या पायाने मी पळाले, आणि गाडी होसेयाची. होसेया माझा थोरला भाऊ. तो आयुष्यात एकही शर्यत पळालेला नाही. मटाटू, म्हणजे भाड्याची व्हॅन, पकडायलासुद्धा पळत नाही, हात वर करून उभा राहतो आणि ड्रायव्हरला शिव्या देतो.

गाडी पहिल्यांदा कड्यावरचा घाट उतरून घरी आली तेव्हा म्हाताऱ्या काकांनी चारही टायरांवर मुर्सिक, आमचं आंबवलेलं दूध, शिंपडलं, आशीर्वाद पुटपुटला आणि किल्ली होसेयाच्या तळहातावर ठेवली. मी शेजारीच उभी होते, काकांच्या कोपराला माझा कोपर लागत होता. कुणाच्या मनातसुद्धा काही आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं नाही, आणि याचाच आता सगळ्यात जास्त राग येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी वर इटेनला, आमच्या पळणाऱ्यांच्या कॅम्पवर निघून गेले. गाडी खाली राहिली.

जपानहून जहाजाने आलेली, जुनी पण देखणी गाडी. डबल क्लचची ऑटोमॅटिक. पायाशी क्लच नाही, पण आत दोन क्लच बसवलेले, सहा गिअर, आणि दांडा बाजूला ढकलला की वरखाली गिअर आपल्या हाताने टाकता येतात. होसेयाला त्यातलं एवढंच कळलं की क्लच दाबायचा नाही. बाकी तो आपल्या बापाची जुनी पिकअप चालवायचा तशीच हीसुद्धा चालवायचा.

आमच्या कड्यावरच्या बाप्यांचा एक खेळ आहे. इटेन सोडून उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि मोकळी सोडायची. पेट्रोल वाचतं म्हणे. कोण किती वळणं मोकळा उतरला यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास गप्पा रंगतात. मोटारसायकलवाले, मटाटूवाले, शाळेचे मास्तर, कुणीच मागे नाही. वळण आलं की ब्रेक, वळण संपलं की मोकळी, आणि पुढे चढ दिसला की खाडकन दांडा परत गिअरमध्ये. होसेयाचा त्यात पहिल्या तिघांत नंबर होता. त्याच्या आयुष्यातली ही एकमेव शर्यत.

फेब्रुवारीत मी गाडी घेऊन इटेनच्या पुढे, एल्डोरेट शहरात गेले, कारण ती थांबताना आणि निघताना थरथरायला लागली होती. तिथे मकोखा नावाचा मेकॅनिक आहे, जाडजूड, तोंडाने फटकळ. त्याने गिअरबॉक्स उघडला, क्लचच्या तबकड्या काढून माझ्यासमोर पत्र्यावर टाकल्या. करपलेल्या चपात्या परवडल्या.

"चॅम्पियन, ही गाडी कोण चालवतं?" त्याने विचारलं.

"माझा भाऊ."

"चालवतो की सूड उगवतो?"

मग त्याने मला नीट समजावलं. एक क्लच एक, तीन, पाच हे गिअर सांभाळतो, दुसरा दोन, चार, सहा. एक गिअर चालू असतो तेव्हा दुसरा क्लच पुढचा गिअर हातात धरून तयार बसलेला असतो. आपण वेग वाढवत असलो तर त्याला वाटतं वरचा लागेल, कमी करत असलो तर तो खालचा धरतो. "आणि तुझा भाऊ काय करतो? गाडी मोकळी सोडतो. म्हणजे दोघांच्याही हातात काही नाही. मग पळत्या गाडीत एकदम गिअर मागतो. देणार कुठून? ते धडपडत काहीतरी पकडतात, तिथे बसतो धक्का. बरं, पेट्रोल तरी वाचतं का? अगं, गिअरमध्ये ठेवून नुसता पाय उचलला तर उतारावर इंजिन थेंबभरसुद्धा पीत नाही. न्यूट्रलला मात्र पितं. सांग तुझ्या त्या शहाण्याला."

मी सांगितलं. होसेया हसला. "गाडी काय माझ्याकडून शिकायची की त्या तेलकट माणसाकडून?"

मला लायसन्स मिळून दोन वर्षं झाली होती. तबकड्या बदलून झाल्यावर दोन रविवार मकोखा मला गावाबाहेरच्या उतारावर घेऊन गेला. आधी पाय उचल, तो म्हणायचा. मग ब्रेकला जेमतेम पाय लाव, तिला कळू दे की आपण हळू होतोय. मनातल्या मनात एक आकडा मोज. मग एकच गिअर खाली. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू दे. पुन्हा मोज. पुन्हा एक. वळणाच्या पोटात शिरल्यावर नाही, वळणाच्या आधी. डॅशबोर्डवर त्याने चहाचा भरलेला कप ठेवला होता. पहिल्या रविवारी माझी पँट भिजली. दुसऱ्या रविवारी चहा त्याने प्यायला.

मार्चमध्ये आई पडली. शेळी खडकावर चढली, आई तिच्यामागे चढली, शेळी उतरली, आई कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. एल्डोरेटला ऑपरेशन करून आत खिळा बसवला आणि अकराव्या दिवशी घरी न्यायला सांगितलं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाची होती.

"घर कुठे?" तिने विचारलं.

"खाली खोऱ्यात. बिरेतवोच्या पुढे," मी म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तो सगळा कडा उतरून? हे बघा, हाड अजून कच्चं आहे. पाय सरळ ठेवा आणि हिसका बसू देऊ नका. एक जोराचा हिसका बसला आणि खिळा सरकला, तर पुन्हा उघडावं लागेल. या वयात दुसऱ्यांदा उघडलं तर त्या पुन्हा उभ्या राहतील असा शब्द मी देणार नाही."

"काळजीच सोडा, डॉक्टर," होसेया म्हणाला. "मी चालवणार आहे."

दवाखान्याच्या फाटकाशी मी त्याला बाजूला घेतलं. "दादा, आज मी चालवते. मला येतं. मकोखाने शिकवलंय."

"आईचा पाय काय मकोखा धरणार आहे? तू आईजवळ बस."

आईने गाडीतूनच ऐकलं. माझी आई ताप्रांदिच, चार फूट अकरा इंच, पण आवाज असा की खोऱ्याच्या पलीकडची शेळी मान वळवते. "जेलागात, उगाच खोड काढू नकोस. मुलगा आईला घरी नेतोय, नेऊ दे. लोक बघतील."

लोक बघतील. खुब्यात खिळा, बाजूला डॉक्टरणीची गोळ्यांची पिशवी, आणि हिला लोक. मी दात ओठ खात मागे बसले. आई आडवी, पाठीशी उशा, आणि तिचा मोडका पाय सरळ माझ्या मांडीवर. मी तो दोन्ही हातांनी खालून धरला होता.

इटेनपर्यंत सपाटी. सपाटीवर ती गाडी स्वतःच शहाणी असते, चालवणारा कोणीही असो. आई खिडकीतून लोकांची मक्याची शेतं बघून नाकं मुरडत होती. मग इटेन मागे पडलं, रस्ता कड्याच्या टोकावर आला, खाली सगळं खोरं उघडं पडलं, आणि मी होसेयाचा डावा हात दांड्यावर जाताना बघितला.

"दादा, न्यूट्रलला टाकू नकोस."

त्याने टाकला. इंजिनाचा आवाज मेला आणि गाडी सुटली.

"दादा!"

"तू पळ," तो म्हणाला. "तुझं काम पळायचं. गाडी मी बघतो."

पहिलं वळण त्याने ब्रेकवर घेतलं. दुसरंही. तिसऱ्याच्या पुढे रस्ता थोडा वर उचललाय, तिथे त्याने दांडा खाडकन गिअरमध्ये ओढला आणि पाय दाबला. गाडीने आधी विचार केला, मग झटका दिला. तो झटका सीटमधून माझ्या मांडीत आला, मांडीतून आईच्या पायात गेला. तिची पोटरी माझ्या हातात दगडासारखी झाली. तिने डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडात घातलं आणि चावलं.

"आई, दुखलं का?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस!"

"रस्ता खराब आहे," आई फडक्यातून म्हणाली. रस्ता गेल्याच वर्षी नवा केलाय. आरशासारखा आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला दोघांचाही राग आला, त्याचा जास्त की तिचा जास्त हे ठरवता येईना. "गिअरमध्ये ठेव आणि हळू उतर," मी ओरडले. "दांडा बाजूला कर, तिसरा टाक, मग दुसरा, आधीच, वळण यायच्या आधी! तिचा पाय माझ्या हातात आहे, मला कळतंय काय होतंय ते!"

"बायका मागच्या सीटवरून गाडी चालवायला लागल्या की अपघात होतात," होसेया म्हणाला आणि पुन्हा मोकळी सोडली.

आणखी चार वळणं गेली. मग मला वास आला. जळक्या केसांसारखा, कडवट. ब्रेक. गाडी आता वळणाला आवरत नव्हती, पुढे सरकतच राहत होती. त्याचा पाय पूर्वीपेक्षा खोल जात होता. मला मागून त्याच्या गुडघ्याचं हाड दिसत होतं, आणि मानेवरचा घामसुद्धा.

"ब्रेक जळतायत, होसेया." दादा म्हणायचं मी सोडून दिलं.

 समोर मोठं वळण होतं, उजवीकडे खडक, डावीकडे काहीच नाही. आता त्याला गिअर आठवला. त्याने दांडा ओढला, बाजूला ढकलला, आणि घाबरून खालचा, खालचा, खालचा असं तीनदा खेचलं. एकदा गाडीने ऐकलंच नाही. मग सगळं एकदम ऐकलं. इंजिन किंचाळलं, पुढचं नाक खाली गेलं, मी पुढच्या सीटवर आदळले. पाय मी सोडला नाही. पण आई ओरडली.

मी माझ्या आईला कधी ओरडताना ऐकलेलं नाही. आम्हा सात जणांना तिने घरात जन्म दिला, वडील गेले तेव्हा शेळ्या मोजून मग ती रडायला बसली. ती ओरडली तेव्हा मला एक क्षण वाटलं की गाडीखाली कुठलं जनावर सापडलं.

वळण कसंबसं निघालं. तांबाच गावाच्या अलीकडे मध विकणाऱ्या बाईची झोपडी आहे, तिथल्या मोकळ्या जागेत होसेयाने गाडी घातली आणि हँडब्रेक ओढला. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. मधवाली बाई बाटल्या पुसता पुसता उठून बघायला आली. "होसेया काय? मला वासावरूनच वाटलं," ती म्हणाली आणि परत जाऊन बसली.

मी आईच्या खुब्याला हात लावला. पट्टी कोरडी होती. पावलाची बोटं हलव म्हटलं, तिने हलवली. पाय वाकडा दिसत नव्हता, आखूडही झाला नव्हता. खिळा होता तिथेच असावा. पण तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. पायाखाली उशी सारून मी खाली उतरले, पुढचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

"किल्ली."

"ब्रेक थंड होऊ देत. मग जाऊ," होसेया म्हणाला.

"ब्रेक थंड होतील. किल्ली दे."

"इथे रस्त्यावर तमाशा करू नकोस, जेलागात."

"तमाशा मी करतेय? ती ओरडली, ऐकलंस ना? का तेही रस्त्यामुळे? खाली अजून निम्मा कडा आहे. तू पुन्हा मोकळी सोडणार, पुन्हा जाळणार, पुन्हा खेचणार. तुला दुसरं येतंच नाही! आणि येत नाही म्हणून तुला लाज नाही, मला येतं म्हणून आहे!"

"होसेयालाच चालवू दे गं," आई मागून म्हणाली. आवाज असा बारीक की मधवालीलाही ऐकू गेला नसेल. "जवळच तर आलंय. मी सोसते."

त्यावर मी जे बोलले ते मी आईशी कधी बोलले नव्हते. "तू गप्प बस, आई. सोसून सोसून तू याला असा केलायस. पाय तुझा आहे, पण पकडून मी बसलेय. तो मोडला तर उरलेलं आयुष्य तुला उचलायचं कुणी? यानं?"

 होसेया चाकाच्या धुराकडे बघत राहिला. मी ओरडणं थांबवलं, कारण ओरडून तो ऐकत नाही, ओरडणं त्याला सोपं जातं. मी म्हणाले, "मागे बस आणि पाय धर. पाच वळणं. नुसता धरून बस. पाच वळणांनंतर म्हणालास की तू चालवतोस, तर मी उतरून तुला देते."

त्याने धुराकडे आणखी एकदा बघितलं. मला वाटतं, तो घाबरला होता. मोठं वळण त्यानेही बघितलं होतंच. किल्ली त्याने माझ्या हातात दिली नाही, सीटवर टाकली आणि मागे गेला.

"असा घट्ट नको, कलिंगड नाहीये ते," मी म्हणाले. "खालून आधार दे. गुडघ्याच्या मागे एक हात. हां."

आम्ही अर्धा तास थांबलो. चाकाजवळ हात नेला तर धग लागेनाशी झाली, तेव्हा मी बसले.

दांडा बाजूला. पहिला, दुसरा. दुसऱ्यावरच उतरायला लागले. उतार मवाळ झाला की तिसरा, आणि वळणाची पांढरी पट्टी लांबून दिसली की पाय वर, ब्रेकला जेमतेम स्पर्श, एक, दुसरा. इंजिन गुरगुरायचं आणि गाडी स्वतःच स्वतःला धरून ठेवायची. ब्रेक फक्त सांगण्यापुरता. मी इतकी रागावलेली होते की कानात ठोके ऐकू येत होते. रागावलेल्या माणसाने गाडी चालवू नये म्हणतात. तो सगळा राग मी स्टिअरिंगवरच्या बोटांत ठेवला, पायापर्यंत जाऊ दिला नाही. उतारावर पळताना आम्ही तेच शिकतो. टाच आपटून थांबवायला गेलं की मांड्या संपतात. लहान पावलं आधीपासून टाकावी लागतात.

तिसऱ्या वळणावर आंब्यांनी भरलेला ट्रक खालून वर आला, अर्धा रस्ता घेऊन. माझ्याकडे दुसरा आधीच होता. पाय लावला, मोजलं, पहिला घेतला, कडेला सरकून उभी राहिले. मागून काही आवाज नाही. आरशात बघितलं तर होसेया पायाकडे बघत बसला होता, तोंड किंचित उघडं. त्याच्या हातात आता ते येत होतं जे मघाशी माझ्या हातात येत होतं. किंवा येत नव्हतं, एकही झटका नाही.

पाचवं वळण गेलं. तो काही म्हणाला नाही. सहावं, सातवं. मग मला घुर्र असा आवाज आला आणि वाटलं, गेला गिअरबॉक्स. गिअरबॉक्स नव्हता. आई घोरत होती.

खाली सपाटी लागली तेव्हा होसेया हळूच म्हणाला, "बिरेतवोच्या अलीकडे थांब. पुढे मी घेतो."

"का?"

"का म्हणजे? चर्चच्या बायका उभ्या असतील."

"उभ्या राहू देत."

मी थांबले नाही. त्या उभ्याच होत्या, आमच्या फाटकाशी, तीस-चाळीस जणी, गाणं म्हणत. आई जागी झाली, फडकं सारखं केलं, चेहऱ्यावर तेज आणलं. बायकांनी मागचं दार उघडलं. "ताप्रांदिच, प्रवास कसा झाला गं? आम्हाला तर काळजीच होती."

"काय सांगू!" आई म्हणाली. तो खोऱ्यापार जाणारा आवाज परत आला होता. "माझ्या होसेयाने असा पाय धरला, असा पाय धरला, की मला झोप लागली!"

बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. एकीने होसेयाच्या गालाला हात लावला. तो हसला. हो, हसला. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसले होते. एक म्हातारी माझ्या खिडकीशी आली. मला वाटलं, निदान ही तरी. ती म्हणाली, "पोरी, गाडी जरा पलीकडे घे ना, सावली अडलीय."

संध्याकाळी चहाच्या वेळी होसेयाने अंगणात हात पुढे केला. किल्ली. मी नाही म्हणाले. तो आईकडे बघायला लागला. आई खाटेवरून म्हणाली, "देऊन टाक. तू उद्या वर जाशील, गाडी इथे काय कोंबड्यांना बसायला ठेवायची?"

मी दिली. कड्यावर मी शेर होते आणि अंगणात दिली. आईचा पाय उशीवर होता, तिच्याशी भांडायचं बळ माझ्यात नव्हतं, ही सबब मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. कॅम्पवर मी इतकी भरधाव पळायला लागले की कोचने दोनदा विचारलं, कुणाचा पाठलाग करतेयस.

सात आठवड्यांनी आईला तपासायला एल्डोरेटला न्यायचं होतं. मी आदल्या दिवशी घरी आले. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाई स्वतः खाली खोऱ्यात, तालुक्याच्या दवाखान्यात आली होती, हाड छान जुळलंय म्हणाली होती. आई एका काठीवर अंगणभर हिंडत होती, शेळ्यांना शिव्या घालत होती. पाय सरळ ठेवायची, धरायची आता काही गरजच नव्हती.

सकाळी होसेयाने गाडी दारात आणली. धुतलेली, इंजिन चालू. मी मुकाट्याने मागच्या दाराशी गेले. भांडायचं नाही असं ठरवूनच आले होते, आणि ठरवलंय म्हणून आतून धुमसत होते.

आई काठी टेकत आली, उघड्या दाराशी थांबली. आत बसेना.

"चल ना, आई," होसेया म्हणाला.

"थांब. दम लागलाय."

तिला दम लागला नव्हता. ती उन्हात उभी राहून गाडीकडे बघत होती. टायर बघितले. पुढे कडा बघितला, आमच्या अंगणातून तो सगळा दिसतो, वळणांसकट. होसेयाने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग पटकन नजर काढून घेतली. तेव्हा मला कळलं. या बाईला भीती वाटत होती. सात बाळंतपणं झालेली, साप काठीने मारणारी माझी आई माझ्या भावाच्या गाडीत बसायला घाबरत होती, आणि ते म्हणायचं कसं ते तिला सापडत नव्हतं.

"होसेया," ती शेवटी म्हणाली, "तू मागे ये बघू. पाय धर माझा."

"आई, पाय बरा झालाय तुझा!"

"तुला काय माहीत, तुझा आहे का? मागच्या वेळी किती छान धरला होतास. तुझ्यासारखा कुणाला धरता येत नाही. ये." मग माझ्याकडे न बघताच, "पुढे कुणीतरी बसेलच. ही आहेच की."

ही आहेच की. माझं नाव घ्यायला तिला काय झालं असतं? तीन अक्षरं जास्त. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचंच होतं, दुसरं काही समजू नका. होसेया उतरला. मी सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला आणला. मागे आई आरामात टेकली, आणि माझ्या भावाने तिचा तो धडधाकट पाय मांडीवर घेतला.